आबांचे जिताडे

१३ ऑगस्ट २०२३

आज गळ्यात आणखी एक धोंड पडली. तलाव समितीची अध्यक्ष झाले. गाळ काढून झाला, बांध चढवून झाला, सांडव्याला काँक्रीट झालं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की योजनेच्या नियमात अध्यक्ष बाईच हवी. ग्रामसभेत सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. तेवढ्यात सचिव हर्षद उठला. पोरगा पंचविशीचा, उत्साह दांडगा. म्हणाला, जागृतीवहिनींचं माहेर खाडीचं, पाण्यातलं त्यांनाच कळतं. झालं, टाळ्या पडल्या. आधीच अंगणवाडीची पोरं, पोषण आहाराचे रकाने, घरी सासूबाईंचे गुडघे. त्यात हा तलाव.

माहेर खाडीचं म्हणून काय झालं? पेणच्या पलीकडे आमचं खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. भरतीला उघाडीचं दार वर घ्यायचं, खारं पाणी आत येऊ द्यायचं, त्याच्याबरोबर माशांची पिल्लं येतात, मग दार पाडायचं. आबांनी, माझ्या वडिलांनी, जन्मभर तेच केलं. इथलं पाणी गोडं. डोंगरावरून ओढा येतो, तलाव भरतो, जास्तीचं सांडव्यावरून शेतांकडे जातं. दोन्हीकडे पाणीच, एवढंच काय ते सारखं. हे म्हणाले, "घे गं, तेवढंच नाव लागंल." नाव लागून काय होतं ते मला अंगणवाडीत कळलंय.

२० ऑगस्ट

आबा न सांगता आले. माझा भाऊ गजा कुणाचा तरी टेंपो घेऊन आला होता, मागे दोन निळी पिंपं. मला वाटलं खारवलेलं काही असेल. झाकण काढलं तर जिताड्याची पिल्लं, बोटाएवढी, नुसती वळवळत होती.

"तळं झालंय ना तुझं, मग ही घे," म्हणाले.

गजाला हात लावू दिला नाही. तलावाच्या पायरीवर पिंप ठेवून त्यात तांब्याने तलावाचं पाणी घालत बसले. थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. म्हणाले, खाऱ्यातनं गोड्यात एकदम लोटलं तर मरतात, सवय लावायला लागते. "तू पण रडलीस की पहिल्या वर्षी." मला हसू आलं आणि जरा डोळेही भरले. मी इथे नांदायला आले तेव्हा या घरात सुकट चालायची नाही, आता सासूबाई स्वतः मागून खातात.

बघायला निम्मं गाव जमलं. जिताडा आपल्या तलावात म्हटल्यावर लोकांची छाती फुगली. तिकडे जिताडा जावयाला नाहीतर साहेबाला देतात, असातसा मासा नाही. एकट्या सासूबाईंनी विचारलं, हे खातात काय गं. मी म्हटलं, मिळेल ते.

इतकी सगळी पिल्लं आणलीत, खाजणात काय ठेवलं, असं मी आबांना विचारलं. "तिकडं काय करायचंय," एवढंच म्हणाले. पिल्लं सोडून झाल्यावरही पायरीवरून उठेनात. जेवायलाही थांबले नाहीत. गजा टेंपोतून खाली उतरलाच नाही, फोनमध्ये डोकं. म्हातारपणी माणूस चिडचिडं तरी होतं नाहीतर असं गप्प होतं. आबा गप्प झाले.

२९ ऑक्टोबर

समितीची मीटिंग. घसा बसला. तलावाच्या वरच्या अंगाला फार्महाऊस आहे, त्यांचं म्हणणं तलावात कुणी उतरू नये, म्हशी नकोत, जाळी नकोत, पाणी आरशासारखं हवं. खालच्या शेतकऱ्यांना बांधातली पाणी सोडायची मोरी हवी तेव्हा उघडून हवी. गावातल्या पोरांना गळ टाकायचेत. प्रत्येकाला तलाव आपल्या बापाचा वाटतो.

मला एकच गोष्ट धरून ठेवायची होती. आदिवासी वाडीवरची जनी आणि तिच्या बायका रोज सकाळी हातजाळ्याने बारीक मासे धरतात. मळे, खवल्या, झिंगे. घरी कालवणाला होतात, उरले तर लोधिवलीच्या नाक्यावर विकतात. तलाव गावाचा म्हणवतो पण त्यातून रोजचं जेवण कुणाचं होत असेल तर वाडीचं. मी अडून बसले. शेवटी ठरलं की वाडीच्या बायकांना हातजाळं कधीही, बाकीच्यांना गळ फक्त रविवारी. फार्महाऊसच्या मॅनेजरने तोंड वाकडं केलं, करू दे.

संध्याकाळी जनी दारात आली. पळसाच्या पानात मूठभर मळे ठेवून गेली. असे चविष्ट मासे, काटासुद्धा काढावा लागत नाही. आज बरं वाटलं.

१८ मे २०२४

दोन दिवस माहेरी जाऊन आले. गजाने घरावर दुसरा मजला चढवलाय आणि मला फोनवर चकार शब्द नाही. वहिनी म्हणाली, ताई, तुम्हाला सरप्राइज. असलं सरप्राइज मला नको, मला आधी सांगितलेलं आवडतं.

खाजणाची पार रया गेलीय. उघाडीचं दार मोडून कडेला पडलंय, बांधाला खांड पडलीय, ती कुणी बुजवलेली नाही. लहानपणी खांड पडली की थाळी वाजायची आणि घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. गजाला म्हटलं, अरे, पावसाच्या आत दार तरी बसव. "बघू," म्हणाला. आबा ओटीवर बसून होते. खाजणाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, पण जिताड्यांची चौकशी अशी करत होते की मला मेलीला हेवा वाटावा. केवढे झाले, पाणी किती आहे, संध्याकाळी फटका मारतात का. नातवंडांचं नंतर. मी सांगितलं, दिवस कलला की पाण्यावर फाडफाड आवाज येतो. आबा हसले. पूर्ण दोन दिवसांत तेवढेच हसले.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. गजा नवीन गाडी घेऊन आला. ओवाळलं. आबांना का नाही आणलंस म्हटलं, तर प्रवास झेपत नाही म्हणाला. साडी भारी आणली होती, रंग माझ्या वयाला जरा जास्तच. जेवताना सारखा घड्याळाकडे बघत होता.

तेवढ्यात जणू अंगणातूनच डंपर गेला असा धुरळा उडाला. महिनाभर हा नवीन ताप चालू आहे. मागची टेकडी पोखरतायत आणि मुरूम भरून डंपर दिवसभर घरासमोरून खाली हायवेला. ताटातल्या भातावर लाल पूड बसते. मी गजासमोर खूप बोलले, म्हटलं, कुठे नेतायत एवढी माती, कुणाचं मढं बुजवायचंय. गजा मान खाली घालून जेवत राहिला. त्याला तिखट लागलं असावं, डोळ्यात पाणी आलं होतं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ द्यायला वाडीवर गेले तर जनी बांधावर जाळं पसरून बसलेली. म्हणाली, "ताई, जाळ्यात कायपन येत नाय. दिवाळीपास्नं असंच चाललंय."

मी म्हटलं, थंडीत मासे खाली बसतात. ती म्हणाली, थंडी काय यंदाच पडलीय का. नाक्यावर जाणं बंद झालंय तिचं. घरात नुसता भात आणि मिरचीचा ठेचा. तिची सून पोटुशी आहे, तिचं नाव माझ्याच अंगणवाडीत. मागच्या महिन्यात तिचं वजन वाढलेलं नव्हतं. मी रकाना भरला होता आणि पुढच्या नावाकडे गेले होते.

२ फेब्रुवारी

फार्महाऊसचंच सांडपाणी असणार. दुसरं काय? आज त्या मॅनेजरशी कडकडून भांडले. तो आपला शांतपणे म्हणतो, मॅडम, पाणी तपासून घ्या. घेतेच म्हटलं. हर्षद बाटल्या भरून घेऊन गेला.

२१ फेब्रुवारी

पाण्याचा अहवाल आला. पाणी चांगलं आहे. चांगलं म्हणजे उत्तम. मॅनेजरची माफी मागावी लागणार, जिवावर आलंय. मग मासे गेले कुठे? हर्षद म्हणतो, बगळे वाढलेत. शेतकरी म्हणतात, वाडीवाल्यांनीच उपसले. हे ऐकलं की डोकं फिरतं. जनीच्या आज्यापासून त्या हातजाळ्यानेच धरतायत, तेव्हा नाही संपले ते.

थकायला होतं. घरी आले तर ओटा पुन्हा लाल. दिवसातून किती वेळा पुसायचा?

१६ मार्च

आज कळलं, आणि माझ्याच घरात कळलं.

रविवार म्हणून हर्षदने गळ टाकला होता. भला मोठा जिताडा लागला. वाजतगाजत आमच्याकडे घेऊन आला, म्हणाला, पहिला मान अध्यक्षांचा. सासूबाई खूश. विळी मांडून बसल्या, पोट फाडलं आणि हात थांबले त्यांचे. आत मळे. खवल्या. झिंगे, काही तर अजून अख्खे होते, चकाकणारे. ताटलीत काढून ठेवले तर ताटली भरली.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "जनीचं जेवण."

जिताडा दुसरं काय खाणार? खाजणात भरतीच्या पाण्याबरोबर रोज नवीन बारीक मासे येतात, तिकडे त्याला कधी कमी पडत नाही. म्हणून आम्हाला कधी विचारच करावा लागला नाही. इथे भरती नाही. जे आहे ते खाल्लं की संपलं. खाडीची मुलगी म्हणून मला अध्यक्ष केली आणि खाडीच्या मुलीनेच हे करून ठेवलं. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईच्या डोक्यातही आलं नसतं तलावात जिताडे सोडायचं.

कालवण झकास झालं म्हणे. मी नुसता भात आणि ठेचा खाल्ला.

६ एप्रिल

मीटिंगमध्ये सांगितलं, जिताडे काढायचे. सगळे. नुसता गोंधळ. फार्महाऊसला आता गळ टाकायला पाहुणे आणायचेत, परवापर्यंत आरसा हवा होता. हर्षद म्हणतो, वहिनी, जिताड्यामुळे आपल्या तलावाचं नाव होईल. एक म्हातारे म्हणाले, आणले तुमीच, आता काढताय पण तुमीच. खरं आहे.

मी म्हटलं, इथे त्यांना पिल्लं होत नाहीत, त्यासाठी खाडीच लागते. म्हणजे हे काढले की पुन्हा येणार नाहीत. पण नाही काढले तर वर्षानुवर्षं जगतील आणि तलाव रिकामा करतील. जनी समाजमंदिराच्या दारात उभी होती, आत ये म्हटलं तरी आली नाही. मी तिच्याकडे बोट करून म्हटलं, हिची सून आठव्या महिन्यात आहे, तिला विचारा तलावाचं नाव हवंय का मासे. मग हात वर झाले, नाराजीनेच झाले. मे महिन्यात पाणी कमी असतं तेव्हा टोकापासून टोकापर्यंत जाळं ओढायचं ठरलं.

१३ एप्रिल

आबांना फोन केला. सांगायचंच असं ठरवून केला होता.

"मोठं झालं असतील," म्हणाले.

"झालेत," मी म्हटलं.

"पाणी हाय ना तळ्याला?"

"आहे, आबा."

मग मी हवापाण्याचं विचारलं आणि ठेवून दिला. अंगणवाडीत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते मी.

एक डोक्यात आलंय. एक जिताडा जिवंत धरून घेऊन जायचा आणि आबांच्या हाताने खाजणात सोडायचा. जिथला तिथे परत. मग समोर बसून सगळं सांगायचं. फोनवर असलं सांगता येत नाही.

११ मे

जाळं ओढलं. सकाळपासून कमरेएवढ्या पाण्यात. गावातले पुरुष, वाडीच्या बायका, हर्षद, सगळे एका दोराला. जिताडे उड्या मारून जाळ्यावरून जायला बघत होते, एकाने तर ह्यांच्या छातीवर धडक मारली. माणसं हसत होती, आरडत होती, वाटे पाडत होती. वाडीलाही वाटा दिला. मला आबांचा तांब्या दिसत होता. थोडं घालायचं, थांबायचं.

एक चांगला पाहून निळ्या पिंपात ठेवलाय. त्यांनीच आणलेलं पिंप. हर्षदने हवा सोडायचं यंत्र लावून दिलं. गजाला कळवलं, उद्या येते. तो म्हणाला, ताई, आता नको येऊस, ऊन फार आहे. मग म्हणाला, मी कामात आहे. मला राग आला. माहेरी जायला आता परवानगी काढायची का?

१२ मे

लिहायला बसले खरी.

टेंपोतून निघालो. लोधिवलीपासून एक डंपर पुढे होता, टेंपोवाला शिव्या देत त्याचा धुरळा खात मागे. मी मागे पिंपापाशी बसले होते, पदराने झाकण पुसत. पेण गेलं तरी डंपर पुढेच. मग तो आमच्या गावाच्या वाटेला वळला. मला वाटलं, आता पुढे कुठेतरी बाजूला फुटेल. नाही फुटला. आमच्या घराच्या मागे गेला आणि मागचा भाग उचलला.

खाजण नाही. जिथे पाणी होतं तिथे लाल मैदान, पार खाडीच्या बांधापर्यंत सपाट, वर रोलर फिरतोय. माझ्या सासरच्या टेकडीचा मुरूम. लाल, मध्ये पिवळट खडे. रोज ओट्यावरून पुसते, मी नाही ओळखणार?

आबा ओटीवर मैदानाकडे तोंड करून बसले होते. मला बघून उठले, पिंपाशी आले, आत हात घातला. मासा थकला होता, हाताखाली तसाच राहिला.

"कशाला आणलास गं?" म्हणाले. "मी तुझ्याकडं ऱ्हायाला दिलं व्हतं त्यांना."

गजा मागे उभा होता. त्याने सगळं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. आजूबाजूच्यांनी खाजणं गोदामवाल्यांना दिली. बांध सगळ्यांचा असतो, खांड पडली की सगळ्यांनी उतरायचं असतं, एकटं घर किती माती टाकणार. दोन वर्षं तो आणि आबा दोघंच टाकत होते. शेवटी आबांनीच विक्रीच्या कागदावर अंगठा केला. तेव्हाच माझ्या तलावाचं कळलं, तर उघाडी शेवटची उघडून आलेली सगळी पिल्लं आबांनी पिंपात भरली. "ताई, मला सांगायचं होतं भाऊबीजेला," म्हणाला आणि रडला. एवढा मोठा बाप्या. मी माझ्या ताटातली माती बघत बसले होते तेव्हा.

मासा तिरपा व्हायला लागला. सोडायला पाणी नव्हतं. खाडी बांधापलीकडे, आणि रोलरवाला मधून जाऊ देईना. आबा म्हणाले, मरायच्या आत काप, वाया नको घालवू. मी कापला. वहिनी चूल पेटवते म्हणाली, पण मीच केलं, आईसारखं, चिंच घालून. आबा जेवले. पोटभर जेवले, काटे चोखून ताटाच्या कडेला ओळीने लावले. हात धुताना विचारलं, "बाकीचं हायत ना?"

"आहेत, आबा," मी म्हटलं.

"मग झालं," म्हणाले.

२९ जून

पंधरा दिवस पाणी सांडव्यावरून वाहतंय. ओढ्याबरोबर वरून बारीक मासे उतरलेत, जनीच्या जाळ्यात रोज थोडे थोडे लागायला लागलेत. तिच्या सुनेला मुलगी झाली. वजन बेताचं, पण रडते खणखणीत. बाळ बघायला गेले तेव्हा आबांच्या खाजणाचं सगळं जनीला सांगून बसले.

आज मीटिंग होती. तलाव कसा वापरायचा याचे नियम पुन्हा सगळ्यांना वाचून दाखवले. मोरी कधी उघडायची, म्हशी कुठल्या बाजूला, बाहेरचं माशांचं बी न विचारता सोडायचं नाही. शेवटचा मीच घातलाय.

मीटिंगच्या आधी मी पायरीवर बसले होते. दिवस कलत होता. पलीकडे वडाच्या अंगाला पाण्यावर फाडकन आवाज आला. एकदाच. मोठा असणार. जाळ्याखालून निसटलेला. मी वर बघितलं तर बांधावर जनी उभी, हातात जाळं. तिनेही ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मीटिंगमध्ये हर्षदने विचारलं, वहिनी, जिताडे सगळे निघाले ना, एकही राहिला तरी काढायचा ठरलंय. मी नियमांच्या कागदाची घडी घालत राहिले.

जनी आज पहिल्यांदाच आत येऊन बसली होती, नातीला मांडीवर घेऊन. तीच बोलली.

"निंगाले सगले," म्हणाली. "मी रोज असते ना तिकडं."

हर्षदने मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.